हंगाम, मोसम की सत्र?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या १९०१ सालच्या (अमेरिकन) फुटबॉल संघावरच्या एका मराठी मजकुरात 'सीझन'साठी कुठे सत्र, कुठे मोसम, तर कुठे हंगाम असं लिहिलंय. शिवाय प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांना 'हंगामी प्रशिक्षक' म्हटलंय. यातलं बरोबर कोणतं? आणि शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ ला झाला, तर तो १९०१ चाच हंगाम कसा?

सत्र चूक, मोसम चालेल, हंगाम उत्तम. आणि 'हंगामी प्रशिक्षक' हे तर साफ दिशाभूल करणारं.

आधी सत्र, कारण हल्ली क्रीडावार्तांमध्ये हा शब्द सतत कानावर आदळतो. सत्र हा 'सद्' म्हणजे बसणे या धातूवरून आला. अनेक दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणत, कारण ऋत्विज, म्हणजे यज्ञातले पुरोहित, तिथे बसत. इंग्रजी सेशनच्या मुळाशी असलेला लॅटिन धातूही बसण्याचाच, म्हणून 'सत्र न्यायालय' हा प्रतिशब्द अगदी नेमका आहे. पण मिशिगनच्या ज्या अकरा जणांनी शेवटच्या सामन्यात पॅसाडीनाच्या मैदानावर स्टॅनफर्ड विद्यापीठाविरुद्ध एकही बदली खेळाडू न घेता पूर्ण सामना काढला, त्यांच्या खेळाला बैठक कसं म्हणायचं? व्यवहारातही घोटाळा होतो. महाविद्यालयाचं सत्र म्हणजे टर्म. मिशिगनचा शेवटचा सामना नाताळच्या सुट्टीत, घरापासून हजारो किलोमीटर दूर कॅलिफोर्नियातल्या या पॅसाडीनात झाला. तेव्हा वर्ग बंद होते आणि हंगाम मात्र चालू होता. महाविद्यालयीन खेळांबद्दल लिहिताना तरी या दोन गोष्टींना एकच शब्द वापरू नये.

मोसम अरबी आहे. मूळ अर्थ खूण केलेला, ठरवून दिलेला काळ, मग जत्रेचा किंवा यात्रेचा काळ. पोर्तुगीजांच्या तोंडून त्याचाच मान्सून झाला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर तो वाऱ्यांशी आणि गलबतांशी जोडलेला आहे. फुटबॉलला वापरला तर बिघडत नाही, पण त्यातून हवामान डोकावत राहतं.

आता हंगाम! 'हा यावनी शब्द, शेतीपुरता ठेवा, खेळात नको' असा उपदेश करणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझं मुळीच जमत नाही. शब्द फारसीतून आला हे खरं. पण फारसी ही संस्कृतची सख्खी चुलत बहीण आहे. आपल्या 'स'चा तिकडे 'ह' होतो: सप्तचा हफ्त, सिंधूचा हिंद, मासचा माह. त्याच नियमाने 'सम्'चा 'हम्'. फारसीत गाम म्हणजे पाऊल, आणि आपल्याकडे 'गम्' म्हणजे जाणे. माझं ठाम मत आहे की हंगाम हा आपल्या 'संगम'चाच इराणी भाऊ आहे. सगळं एकत्र येण्याची वेळ तो हंगाम. पाऊस, माती आणि बी एकत्र आले की पिकाचा हंगाम. सवंगडी, मैदान आणि प्रतिस्पर्धी एकत्र आले की खेळाचा. यापेक्षा चपखल शब्द शुद्धिवाद्यांनी मला दाखवावा. 'क्रीडाऋतू' दाखवू नये, ऋतू माणसांनी जमवायचा नसतो.

हंगाम आणि हंगामा यांचा संबंध नाही, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. फारसीत 'हंगामा' म्हणजे आधी जमाव आणि मग त्या जमावाचा कल्लोळ. माणसं एकत्र आल्याशिवाय कल्लोळ होत नाही, मग मूळ वेगळं कशाला शोधायचं? पॅसाडीनाला सुमारे आठ हजार माणसं जमली होती. हंगाम आणि हंगामा त्या दुपारी एकाच मैदानावर होते.

इंग्रजी सीझनचं मूळ तर ऐकाच. लॅटिन 'सातिओ', म्हणजे पेरणी! जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. रोमन शेतकऱ्याची गव्हाची मुख्य पेरणी शरदातली, आणि अमेरिकी महाविद्यालयांचा फुटबॉलही शरदातच सुरू होतो. आपले खरीप आणि रब्बी हे शब्द उलटे चालतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत, ही नावं कापणीच्या वेळेवरून पडली. मिशिगनच्या संघाने सप्टेंबरअखेर अल्बियनला ५०-० असं हरवून सुरुवात केली आणि थँक्सगिव्हिंग या सुगीच्या सणाला शिकागोत आयोवाला पुन्हा ५०-० ने हरवलं. पेरणीच्या नावाने सुरू झालेला सीझन सुगीच्या सणापर्यंत पोचला. ज्या मराठी शब्दात शेत आणि मैदान दोन्ही मावतात, तो हंगामच.

मधले आकडेही द्यायला हवेत, कारण त्या मजकुरात ते निम्मेच आहेत. बफेलोवर १२८-०, बेलॉइटवर ८९-०, कार्लाइलच्या मूलनिवासी मुलांच्या शाळेवर २२-०. दहा सामन्यांत ५०१ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना शून्य. त्यात स्टॅनफर्डवरचे ४९ मिळवा, म्हणजे अकरा सामन्यांत ५५०-०. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, सहा नव्हे, पाचच गुण होते आणि चेंडू हाताने पुढे फेकायला बंदी होती. ती १९०६ मध्ये उठली. हे सांगितल्याशिवाय ५५० चं मोल कळत नाही. 'मिनिटाला गुण' मिळवणारा संघ हे त्यांचं बिरुद याच काळातलं.

योस्ट यांच्याबद्दल. 'हंगामी' म्हटलं की मराठी वाचकाला नवा निवडला जाईपर्यंत खुर्ची सांभाळणारा हंगामी अध्यक्ष आठवतो. योस्ट तसे नव्हते. मिशिगनला येण्याआधी ते खरोखर दरवर्षी संघ बदलत: १८९७ ओहायो वेस्लियन, १८९८ नेब्रास्का, १८९९ कॅन्सस, १९०० स्टॅनफर्ड. त्या चार वर्षांपुरतं 'एका हंगामाचे प्रशिक्षक' म्हणा, अगदी खरं ठरेल. स्टॅनफर्डने प्रशिक्षक आपलाच माजी विद्यार्थी हवा असं ठरवलं, म्हणून ते मिशिगनला गेले. तिथे १९०१ पासून १९२३ पर्यंत सलग आणि पुढे १९२५-२६ मध्येही तेच प्रशिक्षक होते. एवढा काळ टिकलेल्या माणसाला हंगामी म्हणणं म्हणजे प्रत्ययाने केलेला अन्याय आहे. इंग्रजीत 'त्या सीझनचे प्रशिक्षक' असं असणार आणि अनुवादकाने घाईत '-ई' जोडला असणार. 'त्या हंगामातले प्रशिक्षक' एवढं पुरेसं होतं.

राहिलं साल. हंगाम सुरू झाल्याच्या सालाने ओळखला जातो, म्हणून १ जानेवारी १९०२ चा सामना १९०१ च्या हंगामात मोडतो. स्टॅनफर्डने तो वेळ संपण्याआधीच सोडला आणि पॅसाडीनाच्या ज्या नववर्ष महोत्सवात तो झाला, तिथे फुटबॉल परतला तो थेट १९१६ मध्ये. १ जानेवारी १९१६ चा तो सामनाही १९१५ च्या हंगामाचा लिहावा.