रंग विस्ताराचा, नंबर एअर इंडियाचा: विमान नक्की कुणाचं हे कसं ओळखायचं

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक म्हणजे विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यानंतर पुण्याहून दिल्लीला जाताना तिकिटावर एअर इंडिया, फ्लाइट नंबर एआय आणि पुढे २ ने सुरू होणारा, पण स्टँडवर उभं असलेलं विमान वांगी रंगाच्या शेपटीचं, विस्ताराचं, तर हे चालतं का आणि त्या दिवशी विमान कुणाचं धरायचं. दुसरा, अमेरिकेतल्या एका जुन्या फोटोत विमानावर मोठ्ठं युनायटेड लिहिलंय आणि दरवाज्याजवळ बारीक अक्षरात ऑपरेटेड बाय कॉन्टिनेंटल एअरलाइन्स, ते कशासाठी. दोन्हीचं मूळ एकच आहे म्हणून एकत्र लिहितो, थोडं लांबेल.

आधी रंग बाजूला ठेवा. विमान कोण चालवतंय हे ठरतं एओसीवर, म्हणजे एअर ऑपरेटर सर्टिफिकेटवर, आपल्याकडे ते डीजीसीए (सरकारची विमान वाहतूक नियामक संस्था) देतं आणि कुठलं विमान कुणाच्या एओसीवर आहे याची रजिस्ट्रेशननुसार नोंद असते. पायलटचं ट्रेनिंग, मेंटेनन्सचा प्रोग्राम, मॅन्युअल, काही झालं तर जबाबदारी, सगळं त्या सर्टिफिकेटला बांधलेलं. विमानावर कायम दिसलंच पाहिजे असं जे आंतरराष्ट्रीय नियमांत आहे (आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संस्थेचं ॲनेक्स ७) ते म्हणजे देशाची खूण आणि रजिस्ट्रेशन, आपलं व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं. पंखाखाली किमान ५० सेंटीमीटर उंचीची अक्षरं, अंगावर किंवा शेपटीवर किमान ३० सेंटीमीटर, आणि शिवाय आगीत न जळणारी एक धातूची पट्टी मुख्य दरवाज्याजवळ ठोकलेली. कंपनीचं नाव किंवा लोगो हवाच असं ॲनेक्स ७ म्हणत नाही. म्हणून शेपटी वांगी असो की लाल, त्यानं विमान बेकायदा ठरत नाही.

आता विस्ताराचंच घ्या. कंपनीचं कागदोपत्री नाव टाटा एसआयए एअरलाइन्स लिमिटेड, विस्तारा हा ब्रँड. विलीनीकरण जाहीर झालं नोव्हेंबर २०२२ मधे आणि प्रत्यक्षात आलं १२ नोव्हेंबर २०२४ ला. तोपर्यंत रेडिओवर हे विमान स्वतःला "विस्तारा" म्हणायचं, फ्लाइट प्लॅनमधे (उड्डाणाआधी कंट्रोलकडे द्यायचा फॉर्म) व्हीटीआय. त्या रात्रीपासून तेच विमान, तोच रंग, पण रेडिओवर "एअर इंडिया" आणि फ्लाइट प्लॅनमधे एआयसी. विस्ताराच्या नंबरांच्या आधी २ लावला गेला, म्हणजे यूके ९८६ चं (यूके हा विस्ताराचा कोड) एआय २९८६. पहिलं उड्डाण बहुतेकांना मुंबई-दिल्ली वाटतं पण खरं तर ते ११ तारखेच्या रात्री दोह्याहून मुंबईला निघालेलं एआय २२८६, देशांतर्गत पहिलं मात्र मुंबई-दिल्लीच, एआय २९८४, मध्यरात्रीनंतरचं. ७० विमानं एका रात्रीत रंगवणं कुणालाच शक्य नाही, पण एका रात्रीत कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, बदलता येतो आणि तो बदलावाच लागतो.

ट्रॅकिंग ॲप वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे विमानाची ओळख आपोआप पाठवणाऱ्या यंत्राचा, २४ बिटचा पत्ता रजिस्ट्रेशनशी जोडलेला असतो, म्हणून व्हीटी-टीएन किंवा व्हीटी-टीएस वाल्या विमानांचा पत्ता विलीनीकरणानं बदलला नाही, ॲपच्या डेटाबेसला विमान ओळखीचंच राहिलं. फ्लाइट आयडी मात्र पायलट दर फेरीला कॉकपिटमधे टाकतात आणि तो फ्लाइट प्लॅनच्या सातव्या रकान्याशी जुळावा लागतो. म्हणून ॲपमधे कधी डेटाबेसमुळे विस्ताराचा लोगो दिसतो आणि शेजारीच कॉलसाइन एआयसी. अशा वेळी कॉलसाइनवर विश्वास ठेवा. फ्लाइट प्लॅनच्या अठराव्या रकान्यात रजिस्ट्रेशन असतं, आणि सातव्या रकान्यातल्या ओळखीवरून ऑपरेटर कळत नसेल तर त्याचं नावही तिथेच द्यायचं असतं.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटा प्रकारही होऊन गेलाय आणि तो फार जण विसरलेत. २००७ मधे इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एकत्र आल्या, एअरबस ३२० वर एअर इंडियाचा नवा रंग चढायला लागला, लाल हंस आणि त्यात कोणार्कचं चक्र, पण देशांतर्गत फ्लाइट २०११ पर्यंत इंडियन एअरलाइन्सच्या आयसी नंबरानंच उडायच्या आणि रेडिओवर "इंडएअर". म्हणजे तिथे रंग पुढे गेला आणि ओळख मागे राहिली, विस्ताराच्या वेळी ओळख पुढे गेली आणि रंग मागे.

आता अमेरिकेचा फोटो. तिथे एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा, वेगळा नियम आहे, कलम ११९.९: विमान ज्या सर्टिफिकेटवर चालतंय त्या कंपनीचं नाव किंवा सर्टिफिकेटचा नंबर विमानावर असलाच पाहिजे आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला तो वाचता आला पाहिजे. युनायटेड आणि कॉन्टिनेंटल १ ऑक्टोबर २०१० ला एक झाल्या, पण एकच ऑपरेटिंग सर्टिफिकेट मिळालं ३० नोव्हेंबर २०११ ला. मधले चौदा महिने कायद्यानं एअरलाइन दोन. आणि गंमत अशी की नव्या कंपनीनं नाव युनायटेडचं घेतलं पण शेपटीवरचा पृथ्वीचा गोल कॉन्टिनेंटलचा ठेवला, त्यामुळे कॉन्टिनेंटलच्या विमानावर फक्त नाव बदललं की दोन्हीकडची विमानं लांबून अगदी सारखी. मग इन्स्पेक्टरनं कुणाचं मेंटेनन्स रेकॉर्ड मागायचं, रॅम्पवरच्या (विमानं उभी करतात ती जागा) माणसानं कुणाची प्रोसिजर लावायची, तर दरवाज्याजवळची ती बारीक ओळ वाचून. तुमच्या फोटोतली ओळ तीच आहे आणि त्यावरून फोटोचा काळही जवळजवळ पक्का होतो. आजही युनायटेडच्या सर्टिफिकेटच्या नंबरात अक्षरं कॉन्टिनेंटलची आहेत, सीएएल. नाव एकाचं राहिलं, सर्टिफिकेट दुसऱ्याचं.

कॉलसाइनची तर अजून मजेदार गोष्ट. २००५ मधे अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज एकत्र आल्या, नाव राहिलं यूएस एअरवेज पण पुढे कॉलसाइन घेतला अमेरिका वेस्टचा, "कॅक्टस", ॲरिझोनाची कंपनी ना. जानेवारी २००९ मधे हडसन नदीत उतरवलेलं विमान, अंगावर यूएस एअरवेज लिहिलेलं, रेडिओवर कॅक्टस १५४९ होतं. नंतर ती कंपनी अमेरिकन एअरलाइन्समधे गेली, एकच सर्टिफिकेट आलं ८ एप्रिल २०१५ ला आणि त्या दिवशी कॅक्टस बंद झाला, पण यूएस एअरवेजच्या नावाची शेवटची फ्लाइट १७ ऑक्टोबर २०१५ ला. म्हणजे सहा महिने तिकिटावर यूएस एअरवेज आणि रेडिओवर अमेरिकन.

जमिनीवर याचा त्रास खरा असतो, हे मी रॅम्पवर बरीच वर्षं काढल्यामुळे सांगतोय. टॉवर एखाद्या पायलटला सांगतो की डावीकडून येणाऱ्या अमक्या कंपनीच्या एअरबसला आधी जाऊ दे, तेव्हा पायलट खिडकीतून रंग बघतो, कॉलसाइन त्याला दिसत नाही. कॉलसाइन एअर इंडिया आणि अंगावर विस्तारा असेल तर नुसतं "एअर इंडिया" म्हणून भागत नाही, रंग सांगावा लागतो. पुशबॅकवाला (विमान मागे ढकलणारा), केटरिंगची गाडी, इंधनवाला, सगळे शेपटीकडे बघून गाडी वळवतात, आणि अशा काळात मी आमच्या पोरांना एकच सांगायचो की शेपटी बघू नका, रजिस्ट्रेशन वाचा आणि शीटशी ताडून मगच पुढे व्हा.

मग रंग लवकर का बदलत नाहीत, हा पुढचा प्रश्न येणारच. विमान पेंट हँगरमधे गेलं की ते दिवस त्याची कमाई शून्य, म्हणून शक्यतो मोठ्या मेंटेनन्सला जोडूनच रंगकाम उरकतात. नव्या थराचं वजन मोजावं लागतं, रडरसारख्या हलणाऱ्या भागांवर किती रंग चालतो याला मर्यादा असते. बरीचशी विमानं लीजवर असतात, तिथे मालकाच्या अटी वेगळ्या. पेंट हँगरचे स्लॉट तर आधीच कमी.

तेव्हा तुमच्या पुण्याच्या फ्लाइटचं उत्तर: ऑपरेटर एअर इंडिया. बॅग किंवा रिफंडचं काही असेल तर प्रवासाच्या तारखेला ऑपरेटर कोण होतं ते बघून तिकडेच लिहा, तिकिटावर ऑपरेटेड बाय अशी ओळ असते ती दाखवा. आणि फोटो अल्बममधे टाकताना नुसतं "विस्तारा ए३२०" लिहू नका, तारीख, पूर्ण रजिस्ट्रेशन, ऑपरेटर एअर इंडिया, लिव्हरी (रंगसंगती) विस्तारा, असं चारही लिहा. युनायटेडच्या फोटोखाली दरवाज्याजवळची ती ओळ जशीच्या तशी उतरवून ठेवा, फोटो लहान केला की ती सगळ्यात आधी वाचेनाशी होते.