वाचकांचे प्रश्न : शीतगृहातील सेन्सर आणि एकरकमी कोटेशन

प्रश्न : आमची छोटी कंपनी उद्योगांसाठी आयओटी (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांची) यंत्रणा तयार करते. एका ग्राहकाला त्याच्या शीतगृहांतील तापमान दूरवरून पाहायचे आहे. किती खोल्या जोडायच्या, माहितीवर लक्ष कोण ठेवणार आणि ती जुन्या संगणकप्रणालीशी जोडायची की नाही, यांपैकी काहीच अजून ठरलेले नाही. तरीही तो संपूर्ण कामाचे एकरकमी कोटेशन आणि पक्की मुदत मागतो आहे. रक्कम वाढवून सांगावी की काम नाकारावे?

उत्तर : दोन्ही करू नये. रक्कम वाढवल्याने अनिश्चितता कमी होत नाही, ती फक्त आकड्याआड दडते आणि पुढे वादाच्या रूपाने बाहेर येते. त्यापेक्षा कामाचे दोन करार करावेत. पहिला करार लहान असावा, त्याची किंमत आणि मुदत ठरलेली असावी, आणि ज्या प्रश्नांच्या उत्तरांवर सगळा प्रकल्प टिकणार किंवा कोसळणार आहे, त्यांची उत्तरे शोधणे एवढेच त्यात अपेक्षित असावे. त्यानंतर थांबण्याची मुभा ग्राहकाला लेखी द्यावी. दुसऱ्या कराराची रक्कम हाती आलेल्या उत्तरांवरून ठरवावी. असा प्रस्ताव नीट समजावून सांगितला, तर बहुतेक ग्राहकांना तो पटतो, कारण त्यात त्यांचीही जोखीम घटते.

कोणते प्रश्न आधी घ्यायचे, हा खरा कळीचा मुद्दा आहे. पुष्कळदा डॅशबोर्ड, म्हणजे सगळी माहिती एकत्र दाखवणारा पडदा, आधी तयार होतो, कारण तो दाखवता येतो. पण डॅशबोर्ड जमेल की नाही, याबद्दल शंका कुणालाच नसते. शंका असते ती खोलीच्या आत. म्हणून पहिले काही सेन्सर सर्वांत सोयीच्या खोलीत न लावता सर्वांत अवघड खोलीत लावावेत. शीतगृहाच्या भिंतींवरील धातूचे पत्रे रेडिओ लहरी अडवतात. उणे २० अंशांवर साध्या बटन सेलची क्षमता बरीच घटते. लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल थंडी सोसतात, मात्र दीर्घकाळ स्वस्थ राहिल्यावर पहिला संदेश पाठवताना त्यांचा व्होल्टेज क्षणभर खाली येऊ शकतो आणि उपकरण मध्येच रीसेट होते. हे प्रयोगशाळेच्या टेबलावर सहसा दिसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दाराची. माल आत-बाहेर करताना दार उघडे राहिले, की काही मिनिटांत हवा तापते; मालाचे तापमान मात्र फारसे हललेले नसते. सेन्सर उघड्या हवेत टांगला, तर अलार्म प्रत्येक वेळी वाजतो आणि कामगार लवकरच तो बंद करून टाकतात. अशा वेळी सेन्सरचे टोक ग्लायकॉलच्या (सहजासहजी न गोठणाऱ्या, हवेपेक्षा हळू तापणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बुडवून ठेवता येते किंवा तापमान ठरावीक वेळ चढे राहिले तरच अलार्म वाजेल, अशी व्यवस्था करता येते. यांपैकी काय योग्य, हे माल उतरवण्याची वेळ आणि पद्धत प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे लागते. एक प्रश्न तर सेन्सर विकत घेण्याआधीच विचारावा : रात्री अलार्म वाजला, तर उठून शीतगृहात कोण जाणार? या प्रश्नाला ग्राहकाकडे नावानिशी उत्तर नसेल, तर यंत्रणा कितीही अचूक असली तरी माल वाचणार नाही, आणि हे स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे.

प्रश्न : आम्ही निवडलेली क्लाउड सेवा किंवा नेटवर्क मध्येच बंद झाले तर?

उत्तर : ही शक्यता धरूनच चालावे. गुगलने उपकरणे क्लाउडशी जोडणारी आपली आयओटी कोअर ही सेवा बंद करण्याची घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये केली आणि १६ ऑगस्ट २०२३ रोजी ती बंद झाली. स्थलांतरासाठी ग्राहकांना जेमतेम एक वर्ष मिळाले. अमेरिकेत एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपले थ्रीजी जाळे बंद केले, तेव्हा केवळ थ्रीजीवर चालणाऱ्या उपकरणांना त्या जाळ्यावर जागाच उरली नाही. भविष्य ओळखण्याच्या खटपटीपेक्षा बदल स्वस्तात करता येईल, अशी रचना करणे अधिक हिताचे असते. उपकरणात सेवादात्याचा पत्ता कायमचा कोरून न ठेवता आपल्या मालकीचे डोमेन (इंटरनेटवरील नाव) वापरावे. संदेशांसाठी एमक्यूटीटीसारखा खुला प्रोटोकॉल (संदेश देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) घ्यावा. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी तो तयार झाला, त्यामुळे तुटक्या आणि महागड्या जोडणीचा विचार त्यात मुळापासूनच आहे. संपर्क तुटल्यास नोंदी गेटवेमध्ये (सेन्सरची माहिती गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या उपकरणात) साठून राहाव्यात.

सेन्सरची संख्या, अहवालांचे स्वरूप किंवा जुन्या प्रणालीशी जोडणी हे निर्णय पुढे ढकलता येतात. दूरवरून फर्मवेअर (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर) बदलण्याची सोय आणि प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड या दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून हव्यात. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर काबीज केले होते. दुसऱ्या करारात आणखी एक कलम घालावे : डोमेन आणि फर्मवेअर खरे असल्याची डिजिटल सही करण्याची किल्ली कुणाच्या ताब्यात राहील, आणि तुमची कंपनी उद्या हे काम सोडून गेली, तर या दोन्ही गोष्टी ग्राहकाकडे कशा सोपवल्या जातील.