बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही? आधी राउटरचा पत्ता बघा

‘त्याच वायफायवर ॲप झकास चालतं, पण बाहेर पडून मोबाइल डेटावरून उघडलं की कॅमेरा सापडत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी थेट कॅमेऱ्याकडे वळवणं) करूनही तेच.’ तुमच्या पोस्टमधलं हे वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. तुम्हाला दुरून कॅमेरा चालवून दर तासाला बांधकामाचा फोटो घ्यायचाय, माझा कॅमेरा घरट्याकडे तोंड करून होता, एवढाच फरक.

केबल कुठली, मॉडेलला सपोर्ट आहे का, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्यात शिरत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेनं. नाव घेत नाही. फोन केला की ‘राउटर बंद करून चालू करा.’ तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी मेसेज, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.’ पुन्हा फोन, पुन्हा नवा माणूस, पुन्हा राउटर बंद करा. येरे माझ्या मागल्या! एकानं तर कॅमेराच बिघडलाय असं ठामपणे सांगितलं. खरं कारण एका वाक्याचं होतं, आणि ते तिथल्या कुणी उच्चारलंही नाही: माझ्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच (इंटरनेटवर बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) नव्हता. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी तुम्ही तुमच्या राउटरचं दार कितीही उघडा, बाहेरचा माणूस कंपनीच्या फाटकावरच अडतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा आणि ‘माझा आयपी काय’ दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा. सिमकार्डावर चालणाऱ्या राउटरमध्ये बहुतेक वेळा हेच निघतं.

आणि पत्ता सार्वजनिक निघाला तरी कॅमेऱ्याचं पोर्ट (म्हणजे त्याचं दार) इंटरनेटवर उघडं टाकू नका, असं माझं ठाम मत आहे. वायफायवरून कॅमेरा चालवायची जी पीटीपी-आयपी पद्धत बऱ्याच मॉडेलांत असते, तिचं पोर्ट १५७४०, आणि त्या संवादाला एन्क्रिप्शन नाही.

मग करायचं काय? कॅमेऱ्याशेजारी रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक ठेवा, कॅमेरा त्याला यूएसबीनं जोडा (यूएसबी २ ची केबल ५ मीटरच्या आत, अंतर जास्त असेल तर संगणकच कॅमेऱ्याजवळ न्या, त्याला इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते), आणि त्या संगणकालाच बाहेर जोडणी करू द्या. आतून बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही. त्यावर आणि तुमच्या फोनवर टेलस्केल किंवा झीरोटियर (दूरची यंत्रं एका खासगी नेटवर्कमध्ये आणणारी ॲपं) टाकलंत की काम भागतं. स्वतःचा सर्व्हर भाड्यानं घेतला असेल तर तेच काम करणारं वायरगार्ड. त्यात ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंदांवर ठेवा, नाहीतर शांत बसलेली जोडणी मधला राउटर विसरून जातो. मी नेटवर्कमधला तज्ज्ञ नाही, हे पडत-धडपडत शिकलेलं आहे. जाणकारांनी दुरुस्ती करावी.

कॅमेऱ्याला हुकूम द्यायला त्या छोट्या संगणकावर जीफोटो२ हा प्रोग्रॅम टाका. त्यावर डेस्कटॉपवालं (खिडक्या-चिन्हांचं) लिनक्स टाकू नका, कारण कॅमेरा लावल्या लावल्या फाइल मॅनेजर तो बळकावतो आणि जीफोटो२ ‘यूएसबी डिव्हाइस मिळत नाही’ म्हणून रडतं. ‘कॅप्चर टार्गेट’ (फोटो कुठे साठवायचा) ही सेटिंग असेल तर मेमरी कार्डावर ठेवा. ती कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीवर असेल आणि फोटो उतरताना यूएसबी तुटली, तर तो फोटो गेलाच.

तुम्ही लिहिलंय की दर तासाला स्वतः बटण दाबून फोटो घ्यायचाय. कशाला? वेळापत्रक त्या छोट्या संगणकावरच लावा. नेट गेलं तरी फोटो निघत राहतील. तुम्ही फक्त एक्स्पोजर बदलायला आणि फोटो बघायला आत शिरायचं. २४ मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी) फाइल साधारण २५–३० एमबी भरते, ती मोबाइल डेटावरून ओढू नका. रॉ कार्डावर राहू दे, छोटं जेपेग मागवा. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्यातलं थेट दृश्य) चौकट जुळवण्यापुरताच. सेन्सर तापतो आणि डेटाही जातो. फोकस मॅन्युअलवर टाकून रिंगला चिकटपट्टी लावा.

विजेचं मात्र आधी बघा. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून प्लगची वीज देणारी) लागेलच, शिवाय कॅमेऱ्याची वीज वेगळ्या रिलेवर (दुरून चालू-बंद करता येणाऱ्या स्विचवर) घ्या. कॅमेरा मध्येच गोठतो, आणि तेव्हा वीज तोडून परत देणं हाच उपाय उरतो. इथे एक मेख आहे: खटक्याचा स्विच ‘ऑन’वर ठेवला की वीज आल्यावर कॅमेरा सहसा आपोआप उठतो, पण दाबून सुरू करायचं बटण असलेले काही कॅमेरे बंदच राहतात. तिथे बसवायच्या आधी प्लग काढून-लावून बघा. कॅमेरा उठला नाही, तर या कामाला दुसरा घ्या, मग त्याचे फोटो कितीही सुंदर येवोत.

मॉडेल कुठलं ते आणि राउटरवरचा पत्ता (टिंबांनी तोडलेले शेवटचे दोन गट झाकून) इथेच टाका. ग्राहकसेवेला फोन त्यानंतर करा, आणि केलात तर थेट विचारा, ‘सार्वजनिक आयपी देता का, हो की नाही?’ राउटर बंद करायला सांगितलं तर फोन ठेवा.