किरायदाराला काढण्याचे कारण सिद्ध झाले तरी घर रिकामे करून द्यायचे की नाही हे न्यायाधीशावर सोडले, तर घरमालकाला घर परत मिळेल का?

मिळेल. स्कॉटलंडचे उदाहरण पाहा. तेथे खाजगी किरायदारीत घर रिकामे करून घेण्याची सर्व कारणे कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, विवेकाधीन झाली, म्हणजे ताबा द्यायचा की नाही हे निवाडा करणाऱ्यावर सोपवले गेले, आणि २०२२ च्या कायद्याने ती तशीच कायम राहिली. कारण सिद्ध झाल्यावर न्यायाधिकरण एवढेच जास्तीचे पाहते, की या माणसाला या परिस्थितीत बाहेर काढणे वाजवी आहे का. इंग्लंडमध्ये मात्र ठरावीक महिन्यांचा किराया थकल्याचे सिद्ध झाले, की न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागतो.

मी विवेकाच्या बाजूचा आहे. वर्धा जिल्ह्यातील आमच्या घरी परसातल्या दोन खोल्यांत एक बाई मुलांसह किरायाने राहत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचणीची मजुरी हाती येई, तेव्हा त्या मागचे सगळे चुकते करीत. उन्हाळ्यात शेतात काम नसे आणि किराया थांबे. बाबा कॅलेंडरवर, किराया आलेल्या महिन्यापुढे, पेन्सिलीने खूण करीत. दरवर्षी उन्हाळ्याचे तीन महिने कोरे राहत आणि दिवाळीनंतर भरले जात. नुसते महिने मोजणाऱ्या कायद्याने त्या बाईंना जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, बाहेर काढले असते.

आपल्याकडे हा विचार अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाला स्वतःसाठी घर हवे असले, तरी ताबा दिल्याने जास्त हाल कोणाचे होतील हे न्यायालयाला पाहावे लागते, आणि त्यात म्हाताऱ्या मालकाचे हालही मोजले जातात. थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत पंधरा टक्के व्याज व खर्चासह पैसे भरले, तर घर वाचते. परंतु अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याची मुदत संपली, की सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे अशी प्रकरणे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याची अडचण विचारायची नसते. शिवाय हा कायदा ठरावीक क्षेत्रांनाच लागू आहे. त्याबाहेरच्या खेड्यात महिनेवारी किरायदाराला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ खाली पंधरा दिवसांची नोटीस पुरते आणि कारणही सांगावे लागत नाही. तेथे आधी कारण सांगण्याचेच बंधन हवे.

दावा लांबण्याची घरमालकांची भीती खरी आहे, म्हणून निकालाला मुदत असावी. आणि किरायदाराजवळ पावत्या असाव्यात, कारण पुरावा नसेल तर न्यायाधीश विवेक वापरणार कशाच्या आधारे? आमचे कॅलेंडर मालकाच्या भिंतीवर होते. त्या बाईंच्या हाती एकही पावती नव्हती.