गोळी घ्यावी लागली म्हणजे मी हरलो का?

"एकदा गोळी मागे लागली की सुटत नाही, त्यापेक्षा पथ्यानेच उतरवतो." ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेल्यांकडून हे मी सतत ऐकते.

असेच एक गृहस्थ, पन्नाशीच्या आतबाहेरचे. आकडा ६४०. ती उतरवायला डॉक्टरांनी दिलेल्या फेनोफायब्रेट या गोळीची स्ट्रिप न फोडताच ड्रॉवरमध्ये. चिडचिड वाढली, झोप उडाली, म्हणून पत्नीने माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेलं.

"तळलेलं सोडलंय, चालतोय. पुढच्या रिपोर्टात दाखवतोच."

"तपासणीआधी वेगळं काही करता?"

ते घुटमळले. "दोन-तीन दिवस जेवण जवळजवळ बंद. दारूही."

"आणि एरवी?"

"रोज दोन पेग."

"मग तो रिपोर्ट दाखवायचा कुणाला?"

बराच वेळ ते बोटातली अंगठी फिरवत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "गोळी घेतली तर बायको म्हणेल, तुला एवढंही जमलं नाही."

पत्नी असं कधीच म्हणाल्या नव्हत्या. आकड्यापेक्षा आपण त्याला लावलेला अर्थच माणसाला जास्त छळतो, असं मी मानत आले आहे. रक्ततपासणीला ते परीक्षेचा निकाल समजत होते. मग गोळी म्हणजे नापासाचा शिक्काच! हे त्यांचं त्यांनाच उमगलं. मी फक्त घाई केली नाही, आणि त्याचं मला समाधान आहे.

पुढचं सोपं होतं. ५००च्या वर गोळी देताना डॉक्टरांना हृदयाइतकीच स्वादुपिंडाला सूज येण्याची धास्ती असते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तळलेलं सोडून भागत नाही, कारण जास्तीची साखर, मैदा आणि दारू यांतून यकृत स्वतःच ट्रायग्लिसराइड्स बनवतं. इतक्या वरच्या आकड्याला दारू पूर्ण बंदच हवी. रोजची असेल तर ती कशी सोडायची हेही डॉक्टरांना विचारून. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि ५ ते १० टक्के वजन उतरवणं यानेही चांगला फरक पडतो. मधुमेह किंवा थायरॉइड बिघडलेलं असेल तर आधी ते आटोक्यात आणावं लागतं. हे सगळं गोळीच्या जोडीने करायचं. गोळी कमी करणं, थांबवणं डॉक्टरांच्या हाती. तपासणीआधी त्यांनी सांगितलेला उपास तेवढा पाळा. बाकी रोजच्यासारखं जेवा, म्हणजे आकडा खरा कळेल.

आणि पोटात वरच्या बाजूला असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या होत असतील, तर घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.