वाचकांचे प्रश्न : ‘लेनिनग्राद’ची जोडणी

प्रश्न : झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या ‘लेनिनग्राद’ या सोव्हिएत नकलेची कोरी पीसीबी (सर्किट बोर्ड) मिळाली आहे. ब्रिटिश यंत्रातली यूएलए चिप कुठून आणायची? आणि जोडणीला सुरुवात कुठून करू?

उत्तर : यूएलए लागतच नाही. या नकलेचं खरं मोल तेच आहे. १९८२च्या ब्रिटिश स्पेक्ट्रममध्ये पडद्यावरचं चित्र, कळफलक आणि टेप हा सगळा कारभार यूएलए ही फेरांटी कंपनीने बनवलेली एक खास चिप पाहत असे. ती गेली की यंत्र अडून बसतं. ‘लेनिनग्राद’चे रचनाकार सर्गेई झोनोव यांनी या यंत्रात तेच काम टीटीएल, म्हणजे साध्या लॉजिक चिप्सवर वाटून दिलं. या चिप्स आपल्या ७४एलएस मालिकेच्या जुळ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारल्या तरी मिळतील.

आधी सॉकेट पाहा. सोव्हिएत चिपच्या पायांमधलं अंतर २.५ मिमी, पाश्चात्त्य चिपचं २.५४ मिमी. १४ पायांच्या चिपला हा फरक जाणवत नाही, पण ४० पायांच्या प्रोसेसरच्या टोकाशी तो पाऊण मिलिमीटरवर जातो. पीसीबी जुनी, तिकडचीच असेल, तर झेड-८० या प्रोसेसरचं सॉकेट दाबून बसवू नका. छिद्रातलं तांबं सुटून येतं. गोल पायांची सॉकेट पट्टी दहा-दहाच्या तुकड्यांत कापा, कडा किंचित घासा आणि मग लावा.

रॅमसाठी ४१६४च्या आठ चिप्स लागतात. इथे हमखास चूक होते. टीटीएल चिपला पाच व्होल्ट शेवटच्या पायावर असतात. ४१६४ला मात्र ते ८व्या पायावर आणि ग्राउंड १६व्यावर. मीटर लावून खात्री करा, मगच चिप बसवा. प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर यंत्र तापल्यावर मधूनच अडकतं.

प्रोसेसर, रॅम, रॉम बाजूला ठेवून फक्त टीटीएल चिप्सवर वीज द्या. यंत्राला ठेका देणारा क्रिस्टल १४ मेगाहर्ट्झचा आहे. झेड-८०च्या ६व्या पायावर ३.५ मेगाहर्ट्झ दिसले पाहिजेत. तिथवर जमलं की बाकीच्या चिप्स घाला. रॉम १६ केबीचा असतो. हाताशी ३२ केबीची २७२५६ ही रॉम चिप असेल तर तोच मजकूर दोन्ही अर्ध्यांत भरा, म्हणजे वरची अॅड्रेस लाइन कुठेही जोडलेली असली तरी अडत नाही.

चालू करताच काळ्या पडद्यावर बारीक लाल उभ्या रेघा क्षणभर दिसतात. घाबरू नका, रॉम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरून ती तपासत असतो. मग पडदा पांढरा होऊन खाली मूळ कंपनी सिंक्लेअरच्या नावाची ओळ येते. ती न येता पडद्यावर प्रत्येक आठ ठिपक्यांत एकाच जागी उभी रेघ अडून राहिली, तर त्या बिटची रॅम चिप संशयित धरा. डेटाचे आठ बिट डी० ते डी७ असे मोजतात; डावीकडून पहिला ठिपका म्हणजे डी७, शेवटचा डी०. रॅममध्ये रंगांची नोंद असते, तिच्यात हाच डी७ लुकलुकण्याचा बिट असतो. म्हणून डावीकडची रेघ आणि अख्खा पडदा लुकलुकणं ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर आधी तीच चिप बदला.

प्रश्न : गेमच्या कॅसेट टेपची आवाजाची फाइल मोबाइलवरून यंत्राला वाजवून देतो, पण गेम लोड होत नाही.

उत्तर : एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही घ्या, एमपी३च्या आकुंचनात पल्सच्या कडा बोथट होतात. इक्वलायझर बंद ठेवा, आवाज जवळजवळ पूर्ण करा. सुरुवातीच्या सलग सुराला पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे आले पाहिजेत आणि डेटा सुरू झाला की पिवळे-निळे बारीक. लाल-निळसर पट्टेच आले नाहीत तर आवाज पोहोचत नाही. ते येऊन पुढे चूक होत असेल तर आवाज थोडा थोडा कमी-जास्त करून पाहा.

प्रश्न : घरात भारतात विकला गेलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे. वरची माहिती त्याला लागू पडेल का?

उत्तर : टेपची पडेल, जोडणीची नाही. डेसिबेल्स या भारतीय कंपनीने तो परवाना घेऊन आणला होता, ती नक्कल नव्हे. स्पेक्ट्रम प्लसमध्ये यूएलए असते आणि खालच्या १६ केबीला ४११६ चिप्स. त्यांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. −५ गेलं की त्या चिप्स जळतात, म्हणून चित्र नीट येत नसेल तर वारंवार चालू-बंद करून पाहू नका, आधी ही तिन्ही मोजा. अॅडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॅप्टरची मधली पिन धन असते, तसा एकही त्याला लावू नका.