स्लो कुकरमधला सावजी रस्सा पाणचट का होतो?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीवाले. सकाळी स्लो कुकर लावून जाते, पण संध्याकाळी सावजी चिकनचा रस्सा पाणचट आणि कांदा उकडल्यासारखा लागतो. काय चुकतं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पाणी जास्त पडतंय. स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, त्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही, वर चिकनलाही पाणी सुटतं. 1 किलो हाडासकट चिकनला अर्धी वाटी गरम पाणी पुष्कळ झालं.

कांदा मात्र यात परतला जात नाही, नुसता शिजतो. म्हणून 3 कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, 2 चमचे खसखस आणि थोडं दगडफूल आदल्या रात्रीच वेगवेगळं भाजून वाटा. कांदा तेलात चांगला काळपट-तांबूस होऊ द्या. सावजीची चव तिथेच आहे. वाटण आणि चिकन फ्रिजमध्ये वेगवेगळं ठेवा. गोठलेलं चिकन कधीच थेट टाकू नका.

तंगडी-मांडीचेच तुकडे घ्या, छातीचे कोरडे पडून चोथा होतात. ‘लो’वर 6 तास, ‘हाय’वर 3 ते 4. मधे झाकण उघडलं की वीसेक मिनिटं वाढलीच. शेवटच्या अर्ध्या तासात चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून घाला, रस्सा मिळून येतो.

आणि दिवसा लाइट किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर ते चिकन टाकून द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.